याकूताचा कागद

"सावकाश, मबारका. खापरपणजोबांची पेटी आहे ती," घरची मालकीण लल्ला दूजा म्हणाली. मबारकाने पेटी अंगणात टेकवली आणि कंबर धरून बसली. आज तेवीस जानेवारी, गुलामगिरी बंद झाल्याचा राष्ट्रीय दिवस. जेरबा बेटावरच्या शाळेत जुन्या कागदांचं प्रदर्शन होतं. त्यात आपल्या घराण्याचा एक तरी कागद हवाच, असं लल्लाने मनावर घेतलं होतं.

मबारकाच्या पाच पिढ्या याच घरात राबल्या. पहिली याकूता, विकत आणलेली. मरताना ती लेकीला म्हणाली होती, "माझं जे आहे ते मिळाल्याशिवाय हे घर सोडू नका." काय ते सांगायच्या आत जीव गेला. कुणी म्हणे बांगड्या, कुणी म्हणे जैतुनाची झाडं. याकूता मात्र गेलीच नाही. रोज तिन्हीसांजेला कोठारात तिची पावलं वाजत आणि मबारकाच्या अंगावर काटा येई. ती उंबऱ्यावर तेलात कालवलेल्या भाजल्या पिठाची वाटी ठेवी. सकाळी वाटी तशीच असे. स्फाक्स शहरात राहणारी तिची लेक दर शुक्रवारी फोनवर रडून बोलावी. मबारकाचा जीव तुटे. पण कोठारातल्या म्हातारीला टाकून जायचं कसं?

पेटीच्या तळाशी घडीचा कागद निघाला. लल्ला काझीची लेक, तिला जुनं अक्षर लागे. वाचता वाचता तिचा चेहरा फुलला.

"बघ गं, गुलामगिरी बंद करणाऱ्या बे राजाच्या फर्मानाआधी सहा वर्षं खापरपणजोबांनी तुझ्या याकूताला मुक्त केलं होतं. काझीची मोहोर आहे. असा दिलदार माणूस गावात दुसरा दाखव."

मबारका कागदाकडे बघत राहिली. त्या तारखेनंतर चाळीस वर्षं याकूता या घरचं जातं ओढत होती.

"लल्ला, मुक्तीचा कागद सुटलेल्या माणसापाशी असतो ना? मग तो तुमच्या पेटीत कसा?"

जुन्या गोष्टी उकरू नयेत, तू तर घरचीच, असं काहीबाही पुटपुटत लल्ला कागदाची घडी घालू लागली. मबारकाने तिच्या हातातून कागद काढून घेतला. न विचारता तिने या घरातलं काही घ्यायची ही पहिलीच वेळ.

तिन्हीसांजेला ती गाठोडं घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली. कागद छातीशी होता. जैतुनांमधून जाताना मागे तीच पावलं वाजू लागली. आज काटा आला नाही. तिने चाल जरा मंद केली, म्हातारीला झेपेल अशी.

स्फाक्सच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "एकट्याच ना, मावशी?"

"दोन तिकिटं दे," मबारका म्हणाली, आणि खिडकीची जागा सोडून बसली.