चावीचं घड्याळ

चंपतरावांनी दुरुस्तीला आलेलं मनगटी घड्याळ आनंदरावांच्या हातात ठेवलं आणि आपला उजवा हात लगबगीनं काउंटरखाली नेला. हल्ली तो हात काउंटरखालीच बरा असे.

घड्याळ मात्र दृष्ट लागावी असं दिसत होतं. आनंदरावांच्या मुलीनं, मायानं, ते रुमालात बांधून आणलं तेव्हा ओळखूसुद्धा येत नव्हतं. कूलरमागे पडून हरवलं होतं, आणि कूलरचं पाणी अंगावर घेऊन घेऊन त्याचा पार गंजका गोळा झाला होता. बाबांना आता दिसत नाही, पण घड्याळ पाहिजेच म्हणतात, असं ती म्हणाली होती. दोन-तीन दुकानदारांनी तिला आधीच हात जोडले होते. चंपतरावांनी मात्र शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्या विक्रमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, की चावीचं घड्याळ या हातात येऊन मुकं परत गेलं, असं अजून झालेलं नाही.

बोलायला काय जातं? रॉकेलमध्ये भिजवून, एकेक स्क्रू जिवापाड जपून त्यांनी गंज उतरवला. सगळं जमलं. अगदी शेवटी बॅलन्स बसवायचा होता. बॅलन्स म्हणजे घड्याळाचं काळीज. नेमका तेव्हाच चिमटा थरथरला आणि बॅलन्सचं केसाएवढं टोक मोडलं. असला बॅलन्स आता कुठे मिळत नाही. मायाला फोन करायचा, हातून मोडलं म्हणून सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. त्यांनी ते केलं नाही. सेलवर चालणारी मशीन आणली, जुन्या तबकडीखाली दडपली, वरून काच चकाचक केली. आणि स्वतःची समजूत घातली, की ज्याला दिसतच नाही त्याला काय कळणार.

आपण असं मनात का होईना म्हणालो, याची लाज त्यांना आज म्हातारा समोर उभा राहिल्यावर वाटली. माया एकटीच येईल, असं त्यांनी धरलं होतं.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात आयुष्य काढलेला हा माणूस अजून ताठ होता. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं घड्याळ कानाशी नेलं. समोरच्या आरा मशीनवर सागाचा ओंडका चिरला जात होता, त्यात टिकटिक कसली ऐकू येणार! चंपतरावांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीही लाज वाटली.

"चालू आहे न बाबा?" मायानं विचारलं.

"थांब वं. चावी त भरू दे." आनंदराव हसले. "ड्युटीवर निघाच्या आधी चावी भराची, मंग चपला घालाच्या. डोळे गेल्यावरही रोज भरत होतो. दिवस निघाला, हे मले त्या चावीतूनच समजे."

सेलच्या घड्याळाची चावी भरत नाही. दोरा संपलेल्या रिळासारखी ती नुसती फिरते.

आनंदरावांनी दोन बोटांत चावी धरून फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. कपाळावर आठी आली. विक्रम एव्हाना आपलं दुकान टाकून येऊन उभा राहिला होता. असल्या कामाचा व्हिडिओच काढायला पाहिजे, आपल्या लकडगंजात असा हात आता राहिलाय कुठे, असं म्हणत त्यानं मोबाईल वर धरला. आता हा म्हातारा एक वाक्य बोलणार आणि आपलं उभ्या जन्माचं नाव मातीत जाणार, हे चंपतरावांना स्पष्ट दिसलं. जाऊ दे एकदाचं, असंही कुठेतरी वाटलं.

"हात द्या तुमचा," आनंदराव म्हणाले.

चंपतरावांनी डावा पुढे केला.

"हा नाही. कामाचा."

उजवा हात काउंटरखालून वर आला. आनंदरावांनी तो दोन्ही तळव्यांत धरला. तिथे लपायला जागा नव्हती. तो त्यांच्या हातात आपला थरथरत राहिला. चंपतराव मान खाली घालून उभे होते, पोरवयात वर्गाबाहेर उभे राहत तसे.

आनंदरावांनी त्या बोटांवरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी हात सोडला, घड्याळ मनगटावर बांधलं आणि पुन्हा चावी फिरवायला घेतली. सावकाश, बेतानं, खरी चावी भरतात तशी. शेवटी शेवटी बोटं जड केली आणि चावी घट्ट लागल्यावर थांबावं तसे थांबले.

"भरली," ते मायाला म्हणाले. "एकदम पहिलेसारखी."

विक्रमनं टाळी वाजवली. काका, काका म्हणत माया आभार मानत राहिली. चंपतरावांचे कान तापले. याच्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत बसली असती तर परवडली असती. माया बाबांचा हात धरून त्यांना पायरी उतरवू लागली, तेव्हा चंपतरावांना राहवलं नाही.

"आनंदरावजी," ते म्हणाले, "ते चावीचं..."

आनंदरावांनी मान वळवली नाही. पायानं पायरी चाचपत ते म्हणाले, "मालूम आहे गा. जास्त पिरगाळत नाही मी. जास्त पिरगाळली का तुटते."