पातळ पत्र्याची क्लिप

मुलांनो, एक अंगण डोळ्यांसमोर आणा. छावणी भागातल्या त्या अंगणात मोटरसायकल उभी आहे आणि तिच्या पुढच्या चाकापाशी दहा वर्षांची कावेरी अन् तिचे पप्पा सकाळपासून बसलेत. दोघांनी मिळून ब्रेकचा नवा कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दोन पॅडांमध्ये दाबून धरणारा भाग, बसवला, पण ब्रेक दाबला की चाक नुसतं किंचाळतं. डिस्क पुसून झाली, पॅड घासून झाले, बोल्ट पुन्हा आवळून झाले. आवाज काही जाईना.

"हा आवाज गेला ना, की आपण दोघं गाडीवर खुलताबादला," असं पप्पांनी कबूल केलं होतं. म्हणून कावेरी जेवायलाही उठली नव्हती.

शेवटी तिनं काढून ठेवलेला जुना कॅलिपर उलटा करून पाहिला. पॅड घट्ट धरणारी पातळ पत्र्याची क्लिप त्यातच राहून गेली होती, म्हणूनच चाक किंचाळत होतं! क्लिप मुठीत धरून कावेरी पळत फाटकाशी गेली. फोन आला म्हणून तिथं गेलेले पप्पा पाठमोरे उभे राहून बोलत होते.

"तेवढा आवाज बंद करतो, अन् संध्याकाळी पैसे देऊन गाडी घेऊन जा तुम्ही. पोरीला नाय सांगितलं अजून. लई जीव हाय तिचा गाडीवर. सांगितलं असतं तर हात लावू दिला नसता."

फोन खिशात टाकून ते वळले. "काय गं, सापडलं का काही?"

 

कावेरीनं मूठ पाठीमागं नेली आणि म्हणाली, "नाय पप्पा. हा आवाज काय जात नाय आता."