चढायची मजा

लष्करातून परतलेले साताऱ्या-सांगलीचे ड्रायव्हर दर माघात लिलावातल्या जुन्या जीपा घेऊन जमायचे आणि बिनवाटेचा एकच डोंगर चढायचे. पंचाहत्तर साली त्या डोंगरावरच्या वाडीला रस्ता मंजूर व्हायचा होता, पण त्यांच्यातल्याच, पंचायत समितीत बसलेल्या नाथाजीनं तो हळूच मागं सारला. "रस्ता झाल्यावर चढायची मजा काय रं गड्या?"

त्या माघात नाथाजीची जीप सगळ्यांत आधी वर पोचली. मोहरलेल्या आंब्याखाली पाच आजारी माणसं घोंगड्यांवर बसली होती.

"आवं, वर्सातनं एकदाच गाडी येती," वाडीतली अंबूबाई म्हणाली, "म्हून दवाखान्याला न्यायची मानसं तुमच्यासाठी थांबवलीत."

नाथाजी माणसं जीपमध्ये चढवू लागला. अंबूबाईच्या काखेत सहावी घोंगडी होती, घडी घातलेली.

"ही कुणाची?"



"माझ्या सुनंची. परवापातूर वाट बघितली तिनं तुमची."