मागे राहू नकोस

"इर्माबाई, चला! मागे राहू नका!" फिदेलाने दाराशी वाकून हाक मारली.

मातीच्या बुटक्या घुमटातून पाहुणी रांगत बाहेर आली. वाफेने लालबुंद झाली होती. तेमास्कालमधून, त्या वाफेच्या घुमटातून, माणूस निघताना त्याला नावाने हाक मारायची, नाहीतर जीव आतच रेंगाळतो, हे त्या तळ्याकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आतल्या बाईंना माझे आभार सांगा हं," टॉवेल गुंडाळत इर्माबाई म्हणाल्या. "दुखरा खांदा किती मोकळा केला त्यांनी! हात मात्र बर्फासारखे. आणि रागावतात काय! म्हणे, मक्याच्या पोत्यासारखी बसू नकोस, पाठ ताठ कर."

फिदेलाच्या हातातली पाल्याची जुडी गळून पडली. आत दुसरं कुणीच नव्हतं.

पाहुणी खोलीकडे गेली. फिदेला आणि तिच्या बहिणींच्या त्या छोट्या आरोग्यधामात आता चुलीपाशी धाकटी चोनाच तेवढी होती, दगड तापवत बसलेली. या चेटकीण बहिणींनी आजवर किती घरांतले रेंगाळलेले जीव वाटेला लावले होते. तेव्हा त्या तिघी होत्या. थोरली तोमासा ईस्टरच्या आठवड्यात याच घुमटात, काम करता करता गेली.

फिदेला चोनाच्या मागे येऊन उभी राहिली. चोनाची वेणी घट्ट, रेखीव होती. टोकाला लाल फीत. चोनाला जन्मात धड वेणी घालता आली नव्हती.

"त्या दिवशी ताईला मी बाहेर ओढत होते," फिदेला म्हणाली. "हाक तू मारायची होतीस. घाबरून विसरलीस ना?"

"नाही विसरले."

"चोने!"

"हाक मारली असती तर गेली असती ती." चोना निखाऱ्यांकडेच बघत होती. "सकाळी मी दगड ठेवायला आत जाते ना, तेव्हा ती वेणी घालून देते. ओरडते, ओढते, पण घालते."

फिदेला तिच्या शेजारी बसली.

"एवढ्या वाफेत तिचे हात गार आहेत," ती म्हणाली. "थंडी वाजतेय गं तिला."

चोनाने तोंडावर शालीचं टोक दाबून धरलं. मग ती उठली आणि घुमटाच्या दाराशी गेली, मागोमाग फिदेला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

"तोमासाताई, चल. मागे राहू नकोस."

गार झुळूक दोघींच्या पायांना घासून गेली. सुक्या मातीवर ओली अनवाणी पावलं उमटली, एकापुढे एक, थेट तळ्यापर्यंत. उन्हात ती लगेच सुकू लागली.

चोनाने वेणी पुढे घेतली आणि फितीची गाठ मुठीत धरली.

"उभ्या जन्मात माझं कधी ऐकलं नाही हिनं," ती म्हणाली. "आजच बरं ऐकलं."