रानकोंबड्याचा डोळा

ग्वेनबाईंनी डबी उघडली आणि शशिकांतराव हातातली लोकर विसरले.

जानेवारीपासून दर मंगळवारी दुपारी, कॅनडातल्या मिल्टन गावी, शशिकांतरावांच्या घराच्या बेसमेंटमध्ये हा उद्योग चालला होता. शेजारच्या ग्वेनबाई शिकवत आणि शशिकांतराव गळाला लोकर गुंडाळत. करंगळीच्या नखाएवढा गळ, त्यावर हिरवी लोकर, शेपटीला दोन केस, की झाली माशी. तळ्यातले छोटे, तव्यावर मावतील एवढे मासे तिला फसतात म्हणे. चाळीस वर्षं पुलांची डिझाइन्स केलेल्या या माणसाच्या माश्या अजून झुरळासारख्याच होत होत्या. माशाला चालतं, असं ग्वेनबाई म्हणत.

डबीत होतं ते मात्र वेगळंच काहीतरी. बोटभर लांब गळ, त्यावर चंदेरी जर एकाला एक चिकटून गुंडाळलेली, कुठे सुईच्या टोकाएवढी फट नाही. वर हरणाच्या शेपटीचे पांढरे-तांबडे केस, त्यांवर मोरपिसाचे चार हिरवे तंतू. आणि डोक्याशी, पिवळट पांढरा, थेंबाएवढा डोळा.

"स्ट्रीमर," ग्वेनबाई म्हणाल्या. "पाण्यातून ओढला की पळत्या माशासारखा दिसतो. माझ्या नवऱ्याने, रसेलने बांधलाय, जुन्या पद्धतीने."

त्यांनी तो उलटा केला. दुसऱ्या बाजूला डोळा नव्हता.

"मे महिन्यात त्याची राख तळ्यात सोडायची आहे. त्या दिवशी हाच पाण्यात टाकेन, असा मी त्याला शब्द दिलाय. पण काणा कसा टाकू?"

शशिकांतरावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. "हा डोळा म्हणजे पीस आहे?"

"हो. जंगल कॉक. रसेलच्या वडिलांनी लंडनहून मागवलेलं, सत्तर वर्षांपूर्वी. त्यातलं हे एकच उरलं होतं. हल्ली पाळलेल्या पक्ष्यांचं मिळतं. दोनदा आणून पाहिलं मी. शेजारी ठेवलं की लगेच फरक कळतो."

"अहो, हा तर रानकोंबडा!" शशिकांतराव जवळजवळ ओरडले. "आमचा! आमच्या देवरुखच्या मागच्या डोंगरात पहाटे ओरडायचा. दिसायचा क्वचितच. मानेवर मेण सांडल्यासारखे ठिपके."

ओंटारियोतल्या एका तळ्यातल्या माशाला भुलवायला आपला कोंबडा लागतो, तोही मोराला सोबत घेऊन, या नवलाने त्यांच्या अंगावर काटा आला होता.

चहा घेऊन आलेल्या सुमेधाताई जिन्यातच थांबल्या होत्या. नवऱ्याने कोंबड्याचं एवढं गुणगान केलं आणि नेमकी गोष्ट गिळली, हे त्यांनी बरोबर हेरलं.

"अहो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," त्या मराठीत म्हणाल्या.

"कसलं कोंबडं?"

"लॉग टेबलमधलं. फिफ्टी इयर्स तुमचं बुकशेल्फ मीच डस्ट करतेय."

शशिकांतरावांनी लोकर उचलली, परत खाली ठेवली. "ते नाही गं देता येणार. तिकडचं तेवढंच उरलंय माझ्याकडे."

"मग नका देऊ. त्यांनी कुठे मागितलंय?"

ग्वेनबाईंना यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. टक् असा बारीकसा आवाज झाला आणि शशिकांतराव उठले.

"वन मिनिट, ग्वेन." एरवी जिना चढताना कुरकुरणाऱ्या गुडघ्यांचं आज त्यांनी काही ऐकलं नाही.

परत आले ते कॉलेजातलं लॉग टेबल घेऊन. पान उघडलं. आकड्यांच्या रांगांवर एक निमुळतं राखी-काळं पीस आडवं पडलं होतं, टोकाशी पिवळट मेणाचा थेंब.

"सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "वर्गात सगळ्यांच्या पुस्तकात मोरपीस. त्याला पेन्सिलीची साल खायला घातली की पिलू होतं, एकाची दोन पिसं होतात, असं आमचं पक्कं मत. मला मोरपीस मिळालं नाही, रानात हे सापडलं. पोरं हसली. म्हणाली, कोंबड्याच्या पिसाला कसलं पिलू होतंय! मी वर्षभर साल घातली."

"मग?"

"एकाचं एकच राहिलं. मग पुस्तकं बदलत गेली, हे तसंच."

ग्वेनबाईंनी पीस स्ट्रीमरशेजारी धरलं. तोच पिवळा, तीच चमक, आकारसुद्धा तोच. चहावर साय धरली.

"एकदा कापलं की परत पुस्तकात नाही जायचं," ग्वेनबाई म्हणाल्या.

"कापा."

त्यांनी खालची लव ओढून काढली, देठ कापला, पीस डोक्याशी टेकवून दोऱ्याचे पाच वेढे दिले, गाठ मारली, वर वॉर्निशचा एक थेंब. मग छोट्या व्हाइसच्या पकडीत धरलेला तो स्ट्रीमर त्यांनी सावकाश फिरवला. या बाजूला डोळा. त्या बाजूला डोळा. एक लंडनवरून बोटीने आलेला, एक शशिकांतरावांच्या सुटकेसमधून, आणि दोन्ही एकाच पक्ष्याचे वाटावेत असे.

"झालं की हो पिलू," सुमेधाताई हळूच म्हणाल्या.

शशिकांतरावांना हसू आलं आणि डोळेही भरले. वॉर्निश सुकल्यावर ग्वेनबाई स्ट्रीमर डबीत ठेवून झाकण लावणार, तोच त्यांनी "थांबा" म्हटलं. खिशातली पेन्सिल काढली, तिला नीट टोक केलं आणि साल डबीत घातली.