जॉयसची पाच मिनिटं

"राष्ट्राध्यक्षांना कोण भेटणार ते मी ठरवतो," दुआर्ते म्हणाला. "आणि कोण भेटणार नाही, तेही."

जॉयस जागची हलली नाही. राजोडीला समुद्राच्या अंगाला सॅन्टन अंकलचा बंगला होता, तिथं ती सकाळपासून ताटकळत होती. बाहेर सुरूच्या बनात मांडव पडला होता. आल्मेरा नावाच्या चिमुकल्या बेटांच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष वसईचा किल्ला बघून इथं जेवायला येणार होते. त्याआधी ते सॅन्टन अंकलची आपल्या देशाचे मानद वाणिज्यदूत म्हणून नेमणूक करणार होते. दुआर्ते त्यांचा सल्लागार. नेमणुका, भेटी, पत्रव्यवहार, सगळं त्याच्या हातून जायचं.

हे जॉयसला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षांत तिनं राष्ट्राध्यक्षांना किती अर्ज धाडले असतील! प्रत्येकाला उत्तर आलं ते याच माणसाच्या सहीचं. योग्य वेळी विचार केला जाईल.

"पाच मिनिटं द्या फक्त," ती म्हणाली. ती नर्स होती, इंग्रजीला अडत नव्हती. "जहाजात चोरटं डिझेल सापडलं, त्यात माझ्या नवऱ्याचा काय दोष? तो इंजिनावरचा साधा माणूस. फ्लॉईडला तुम्ही अजून डांबून ठेवलंय."

"तो फोन करतो तुम्हाला?"

"दर रविवारी."

दुआर्तेनं हातातला पेन टेबलावर ठेवला. "तुरुंगातून?"

"तुरुंगात नाही. कुणा अधिकाऱ्याच्या आवारात ठेवलंय म्हणे. तिथंच कामं करतो."

"आणि काय सांगतो?"

"धीर धर म्हणतो. अर्जबिर्ज करू नकोस, इथले लोक चिडतील."

"मग ऐका की त्याचं."

जॉयसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंबईच्या सरकारी जहाज कार्यालयातल्या साहेबानंही तिला असंच वाटेला लावलं होतं. फाईल बंद झाली बाई, म्हणाला होता. सगळ्या खुर्च्यांवर एकाच जातीची माणसं कशी बसतात, देव जाणे. घरी सासू, मार्था, अंथरुणाला खिळलेली. दार वाजलं की आला का माझा पोर, म्हणून विचारायची.

"त्याचा फोटो आहे?" दुआर्तेनं एकदम विचारलं.

तिनं पर्समधून लग्नाचा फोटो काढून दिला. तो त्यानं खिडकीपाशी नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

"चर्चमध्ये लागलं होतं लग्न?"

"आमच्याच पॅरिशमध्ये. नऊ वर्षं झाली."

"हा माझ्याकडे राहू द्या. राष्ट्राध्यक्षांशी मी स्वतः बोलतो. तुम्ही घरी जा." त्याचा आवाज पहिल्यापेक्षा बराच खाली आला होता. फोटो त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

माणूस अगदीच दगड नाही तर, असं जॉयसला वाटलं. पण घरी मात्र ती गेली नाही. असल्या वायद्यांवर तिनं तीन वर्षं काढली होती.

तिनं सॅन्टन अंकलला ओसरीवर गाठलं. ते नव्या सुटात घामाघूम झाले होते.

"जॉयस बाय, माझ्या नेमणुकीवर पाणी पाडशील गं!" ते कळवळून म्हणाले. "तो सल्लागार आधीच कावलेला. वसईला यायलाच तयार नव्हता. गोव्याला जाऊ म्हणून हटून बसला होता. साहेबांनीच ऐकलं नाही म्हणून हा योग आला."

"अंकल, मी काही बोलणार नाही. नुसतं स्वागताच्या बायांत उभी राहते."

"खुर्साची शप्पत घे."

तिनं गळ्यातला क्रूस धरून घेतली. खोटी शपथ घेतेय हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटलं नाही.

गाड्या आल्या. बँडवाल्यांनी सूर धरला. लाल लुगड्यातल्या बाया सोनचाफ्याची फुलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. जॉयस शेवटून दुसरी होती.

राष्ट्राध्यक्ष गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ निघाले. प्रत्येकीपाशी थांबत होते, विचारपूस करत होते. मागून चालणाऱ्या दुआर्तेची नजर रांगेवरून फिरली आणि जॉयसवर अडकली. त्याचा रंगच उडाला. तो भराभर पुढे आला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "बाई, मी तुमच्या पाया पडतो. आत चला."

तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष समोर आले. जॉयसनं फूल त्यांच्या हातात दिलं आणि हात सोडलाच नाही.

"साहेब, फ्लॉईडला सोडा," ती म्हणाली. "तुमच्या लोकांनी डिझेलचं जहाज धरलं होतं, त्यातला. त्याची आई मरणाच्या दारात आहे. तिला तो एकदा दिसू दे."

बँड थांबला. सॅन्टन अंकलनी डोळे मिटून घेतले. दुआर्ते घाईनं वाकला आणि साहेबांच्या कानात त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला.

राष्ट्राध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या मावळल्या. त्यांनी दुसराही हात जॉयसच्या हातावर ठेवला.

"फ्लॉईडची बहीण का तुम्ही? आधी नाही का सांगायचं!" ते मायेनं म्हणाले. "अहो, कैद कसली? ते जहाज मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं. बाकीचे खलाशी गेले घरी, हाच जायला तयार होईना. आईचं कळलं तर येईल हो, मी स्वतः सांगतो त्याला. त्याच्या लग्नात मी पहाटेपर्यंत नाचलोय! तुमची ओळख कशी करून दिली नाही कुणी? हा तुमच्या शेजारी उभा आहे ना, हाच त्याचा सासरा."