बाईंच्या हातचं पाणी

जेलच्या पातळ थरात शेवटच्या रकान्यातही पट्टी चमकली.

इलिंकाने दिवा बंद करून पुन्हा लावला. पट्टी होती तिथेच होती. पट्टी उजळते ती डीएनए असेल तिथे, आणि त्या रकान्यात नुसतं पाणी घातलेलं. डीएनएचा मागमूसही तिथे असायला नको. पाणीच उजळलं, तर बाकीच्या अकरा रकान्यांवर विश्वास कुणी ठेवायचा? ऑक्टोबरपासून हे असंच चाललं होतं. आता फेब्रुवारी उजाडला होता.

मागे उभ्या असलेल्या प्राध्यापिका स्मारांदा व्लाइकू पुढे वाकून जेलकडे बघू लागल्या. मग कोटाच्या खिशातले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "इलिंका, एक सांगू? डोकं आहे तुला. पण या कामात आधी हात लागतो. तो तुला नाही. रागावू नकोस, वेळेत सांगतेय. शाळेत शिकव, नाहीतर एखाद्या डेअरीत दूध तपासायला जा. सव्वीस हे काही वय नाही."

याश शहरातल्या विद्यापीठात बाईंचा शब्द शेवटचा. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आज जर्मनीत आणि हॉलंडात स्वतःच्या प्रयोगशाळा चालवत होते आणि आपल्या विद्यार्थ्यांना व्लाइकूबाईंसारखं पिपेट धरायला शिकवत होते. बाईंची एक जुनी रीत होती. प्रयोगाचं शुद्ध पाणी आणि तुलनेसाठी लागणारा डीएनए त्या स्वतः सकाळी लवकर येऊन छोट्या नळ्यांत भरून ठेवत. एवढं एक काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. पूर्वी बारा जणांसाठी भरत. एकेक करत सगळे परदेशी गेले. आता इलिंका तेवढी उरली होती.

तिने सगळं बदलून पाहिलं होतं. हातमोजे, पिपेट, टेबल, रसायनांच्या बाटल्या. केस टोपीत कोंबून, श्वास रोखून काम करून पाहिलं. फक्त पाणी बदललं नव्हतं. बाईंच्या हातच्या पाण्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

तिची आई परदेशी, बोलोन्यात एका म्हातारीला सांभाळायला होती. रविवारी फोनवर इलिंका म्हणाली, "आई, मी सोडतेय. माझा हात चांगला नाही."

"कोण मेलं म्हणालं असं?" आई उसळली. "सहा वर्षांची असल्यापासून माझ्या सुईत दोरा ओवून देत होतीस!"

"बाई म्हणाल्या."

म्हातारीच्या खोलीतला टीव्ही तेवढा ऐकू येत राहिला. "मग... त्यांना कळत असेल गं," ती शेवटी म्हणाली.

शुक्रवारी इलिंकाने संशोधन सोडत असल्याचा अर्ज डीनच्या कचेरीत दिला. महिनाअखेरपर्यंत आवरायचं होतं.

पुढच्या आठवड्यात बाई तीन दिवस बुखारेस्टला गेल्या. त्यांनी भरून ठेवलेल्या नळ्या पहिल्याच दिवशी कमी पडल्या. हाती घेतलेला प्रयोग अर्धवट टाकून जायचं इलिंकाला बरं वाटेना. तिने पाण्याची सीलबंद बाटली फोडली, डीएनएचीही नवी कुपी काढली आणि नळ्या स्वतःच भरल्या. त्या दिवशी शेवटचा रकाना काळाकुट्ट राहिला. तिला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाण्याचा रकाना दरवेळी रिकामाच राहिला. बाकीच्या पट्ट्या तर इतक्या रेखीव होत्या की ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातलाच ती निघाली. पिशवीत तिन्ही जेलचे फोटो होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बाईंसाठी घेतलेले गरम कोव्रिगी, म्हणजे तीळ लावलेले गोल पाव. बाईंना काय सांगायचं ते ती वाटेत जुळवत होती. बाटली जुनी झाली असेल, बाई. माझा हात बरा आहे, बाई.

दार अर्धं उघडं होतं. बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर पाण्याच्या नळ्या, त्यांना लागून डीएनएच्या. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं, तरी पिपेटचं टोक नळीच्या काठावर टकटक वाजत होतं. डीएनएचा एक थेंब लोंबला आणि शेजारच्या पाण्याच्या नळीत पडला. बाईंनी टेबल बाहीने पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

इलिंकाच्या हातातली पिशवी वाजली. बाईंनी वर पाहिलं. पिपेट खाली ठेवलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"कधीपासून, बाई?"

"हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. आधीपासून असणार."

फोटो दाखवायचं इलिंकाच्या मनातून गेलं. तिने स्टूल ओढलं आणि बाईंच्या अगदी जवळ बसली. तिला रडू येत होतं, पण स्वतःसाठी नव्हे.

"तुम्हाला तरी कसं कळणार, की हे असं पाण्यात उतरतंय?" ती हळू आवाजात म्हणाली. "उद्यापासून सकाळी मी येईन, मी भरेन. कुणाला कळायचं नाही. तुम्ही फक्त डीनना एक शब्द सांगा, मी अर्ज मागे घेते."

बाईंनी मान वळवून समोरच्या नळ्यांकडे पाहिलं.

"मला नाताळाच्या आधीच कळलं होतं, इलिंका," त्या म्हणाल्या. "एका रविवारी एकटी येऊन मी पाणी तपासलं होतं. आज ना उद्या तूही तपासणार, हे दिसतच होतं. म्हणून तर तुला जा म्हटलं."